दारू सुटल्यानंतरचे वेळापत्रक

सोलापुरात दारू सोडण्याचे मुहूर्त ठरलेले आहेत. कोणी संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या पायाशी शपथ घेतो, कोणी श्रावण लागला की बाटलीला हात लावत नाही, आणि आषाढीला पंढरपुरात जाऊन गळ्यात तुळशीची माळ घालून आलेले तर प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरे सापडतात. माळेची ताकद मी कमी लेखत नाही. चारचौघांच्या देखत घातलेली माळ उतरवायची लाज वाटते आणि त्या लाजेने कित्येकांना तारले आहे. मात्र मुहूर्त पाळते ते तोंड. वीस-वीस वर्षे रोज दारू सोसत आलेल्या यकृताला, रक्ताला, पायांतल्या नसांना, झोपेला आणि मेंदूला त्या मुहूर्ताची खबर निरनिराळ्या वेळी पोहोचते: कोणाला काही तासांत, कोणाला चार महिन्यांनी, आणि घरच्यांच्या मनाला बहुधा सगळ्यांच्या शेवटी. हे वेळापत्रक ठाऊक नसल्यामुळेच सोडल्यानंतरच्या वाईट दिवसांचा अर्थ 'याला सोडणे मानवले नाही' असा लावला जातो. ते दिवस खरे तर दुरुस्तीचे असतात, आणि दुरुस्ती चालू असलेले घर राहायला गैरसोयीचेच असते.

पहिले चार दिवस

जिवावर बेतण्याची शक्यता सर्वाधिक असते ती सुरुवातीच्या या दिवसांत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. मद्यार्क मेंदूतील 'गाबा' या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतो आणि 'ग्लुटामेट' या चेतवणाऱ्या रसायनाचे काम दाबतो. पिणारा माणूस सैलावतो तो यामुळेच. परंतु रोज संध्याकाळी हेच घडू लागले की मेंदू उलट बाजूने जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीचा खेळ डोळ्यांसमोर आणावा. दारू एका टोकाला ओढते आहे, मेंदू दुसऱ्या टोकाला पाय रोवून उभा आहे आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याचा जोर वाढला आहे. अशा वेळी दारूने एकाएकी दोर सोडला, तर मेंदू स्वतःच्याच जोराने मागे कोसळणार. हातांची थरथर, दरदरून घाम, छातीची धडधड, मळमळ आणि विनाकारण वाटणारी भीती ही त्या कोसळण्याची लक्षणे आहेत.

थोडा हिशेब मांडला तर हे अधिक स्पष्ट होईल. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या दारूत ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. साधारण यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमचा निचरा करते. रात्री नऊला रिचवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत उतरत आलेली असते, आणि म्हणून पहाटेच हात थरथरू लागतात. सकाळी डोळे उघडताच एक पाव दारू घेतल्याशिवाय ज्याला चहाची बशी धरता येत नाही, त्याचा मेंदू दारूवर पूर्णपणे अवलंबून आहे असे समजावे आणि अशा माणसाने केवळ शपथेच्या बळावर, कोणाला न विचारता, एका दिवसात दारू तोडू नये. शिंदी, बिअर, देशी, हातभट्टी यांत येथे भेद नाही. 'मी फक्त शिंदी घेतो' या वाक्याला आपल्याकडे नको इतका मान आहे. शरीर बाटलीवरचे नाव पाहत नाही, मद्यार्क मोजते.

शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर आणि अस्वस्थता सुरू होते. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत असतो. काहींना पहिल्या दिवसाच्या आसपास नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. सर्वांत गंभीर अवस्था, जिला डॉक्टर 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात, ती बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते: ताप, जोराने धावणारी नाडी, वाढलेला रक्तदाब, दिवस-रात्रीचे भान जाणे, अंगावर किडे चालल्यासारखे वाटून ते झटकत राहणे. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यू येऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना ही लक्षणे 'ऊन लागले' या खात्यावर सहज जमा होतात, कारण ताप आणि बरळणे दोन्हींत असते. म्हणून डॉक्टरांना दारू कधी थांबली हे न विचारता आपणहून सांगावे. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे आणि दवाखान्याची वाट धरावी.

याच संदर्भात आणखी एक प्रसंग वारंवार घडतो. मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला माणूस अस्थिरोग विभागात दाखल होतो, दारूबद्दल विचारले असता घरचे संकोचाने 'कधीतरी घेतात' असे म्हणतात, आणि तिसऱ्या रात्री तो सलाईनची सुई उपसून पलंगावरून उतरू पाहतो. माणूस वेडा झाला असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याची दारू तीन दिवसांपूर्वी, कोणतीही शपथ न घेता सुटलेली असते. रोजच्या क्वार्टर किती आणि शेवटची कधी, एवढे दोन खरे आकडे सांगितले असते तर उपचार पहिल्या दिवशीच सुरू झाले असते.

हे उपचार अवघड नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम यांसारखी औषधे गाबाचा परिणाम तात्पुरता सांभाळतात आणि पाच-दहा दिवसांत मात्रा कमी करत थांबवली जातात. यकृत फार बिघडलेले असेल तर लोराझेपाम निवडले जाते. रस्सीखेचीतला दोर ती झटक्याने न सोडता हळूहळू सैल करतात. त्यांच्याइतकेच महत्त्वाचे आहे थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. जुन्या पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी उरलेले असते आणि ते संपले तर मेंदूला थेट इजा होते: माणूस गोंधळतो, झोकांड्या खातो, डोळ्यांच्या हालचाली बिघडून एकाचे दोन दिसू लागतात. ही तिन्ही लक्षणे प्यायलेल्या माणसातही दिसत असल्यामुळे फसगत होते. आपल्याकडे अशक्तपणा म्हटले की 'एक बाटली लावा' अशी मागणी असते. मात्र थायामिनविना नुसते ग्लुकोज चढवले तर उरलेसुरले थायामिनही खर्ची पडून ही इजा वाढू शकते. म्हणून थायामिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत द्यावे लागते, आणि गंभीर रुग्णाला इंजेक्शनने, कारण दारूने खराब झालेले आतडे गोळ्यांतले जीवनसत्त्व नीट शोषत नाही.

ज्याला पूर्वी फिट आली आहे, जो पूर्वी एकदा भ्रमला आहे, ज्याला कावीळ, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, जो साठीच्या पुढे आहे किंवा एकटा राहतो, त्याने हे दिवस दवाखान्यातच काढावेत. आपण ज्याला नुसते 'सिव्हिल' म्हणतो ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. तिथल्या मानसोपचार विभागात यासाठी जाणे म्हणजे वेड लागल्याची कबुली नव्हे. इतरांना रोज डॉक्टरांना दाखवत घरीही हे जमू शकते.

दरवर्षी श्रावण पाळणाऱ्यांसाठी एक सूचना मुद्दाम देतो. महिनाभर तोडायची, मग पुन्हा भरपूर प्यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकदम तोडायची, असे चक्र चालले तर प्रत्येक वेळी मेंदूचा भडका अधिक तीव्र होत जातो. दहा श्रावण सहज पार पडले म्हणून अकरावा पडेलच असे नाही.

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा भिंतीवरच्या जाहिरातींविषयीही येथेच सांगायला हवे. डायसल्फिराम नावाचे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. माणसाला सर्व कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून दिलेले हे औषध उपयोगी पडते. भाजीत कालवून दिले तर तो विषप्रयोग ठरतो, मग कालवणाऱ्या हातांमागे कितीही माया असो. संमतीने घेणाऱ्यानेही खोकल्याच्या औषधाची बाटली वाचून घ्यावी आणि द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टे टाळावीत, कारण त्यांच्यात आंबण्याच्या प्रक्रियेतून मद्यार्क तयार झालेला असतो.

शरीराची दुरुस्ती

यकृताविषयी दोन टोकांचे समज आहेत: 'लिव्हर गेले ते गेले' आणि 'लिव्हर आपोआप नवे होते'. दोन्ही अर्धवट आहेत. सततच्या पिण्याने यकृतात साठलेली चरबी दारू पूर्ण बंद झाल्यावर बहुतेकांत दोन ते सहा आठवड्यांत निघून जाते. त्यापुढची पायरी सुजेची. तीही पुष्कळदा उतरते, मात्र डोळे पिवळे झाले असतील तर तो तातडीने दाखल होण्याचा आजार आहे. शेवटची पायरी सिरॉसिसची, जिथे यकृताच्या जागी वण तयार होतात. हे वण सहसा जात नाहीत, परंतु उरलेले यकृत सांभाळले जाते, पोटातले पाणी आटोक्यात येऊ शकते आणि आयुष्य वाढते. त्यामुळे 'आता सोडून काय उपयोग' हा प्रश्न सिरॉसिसच्या रुग्णाबाबतही चुकीचाच आहे.

रक्ताचे अहवाल जपून ठेवावेत. जीजीटी, म्हणजे यकृताच्या एका एन्झाइमचा आकडा, वाढलेला असेल तर दारू थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत साधारण निम्म्यावर येतो. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, कमी व्हायला मात्र तीन-चार महिने लागतात, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि दारूच्या काळात घडलेल्या मोठ्या पेशी झिजून गेल्याशिवाय सरासरी सुधारत नाही. (डॉक्टरांपासून लपवाछपवी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की हे दोन आकडे घरच्यांपेक्षा जास्त बोलतात.) रक्तदाबही काही आठवड्यांत उतरू लागतो; रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावी, नाहीतर जुन्या मात्रेनेच चक्कर येऊ लागते.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकरांचे नशीब चांगले आहे. ज्वारी आणि शेंगदाणे दोहोंत थायामिन असते, त्यामुळे भाकरी, डाळ आणि शेंगांची चटणी हे आपले रोजचे ताट सावरणाऱ्या माणसाला मानवणारे आहे. सुरुवातीला मात्र ते गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. पोटात पाणी झालेल्याला मीठ कमी करावे लागते, तेव्हा चटणीची वाटी दूर सारावी लागते, आणि हे पथ्य दारूपेक्षा जड गेले असे सांगणारेही भेटतात. गोडाची वखवख मात्र जवळजवळ सगळ्यांनाच सुटते. रोजच्या एका क्वार्टरमधून चारशेहून अधिक कॅलरी मिळत होत्या, त्या एकदम बंद झाल्या. शिवाय मेंदूही सुखाची सोपी वाट शोधत असतो. पहिले काही आठवडे चहात साखर वाढली तर घरच्यांनी फार टोकू नये, मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी.

पायांच्या नसा सर्वांत मंद. तळव्यांची आग, मुंग्या, चप्पल पायातून निसटल्याचे न कळणे, यांत सुधारणा व्हायला कित्येक महिने जातात आणि काहींमध्ये थोडी बधिरता कायम राहते.

मनाची दुरुस्ती

शरीर सावरू लागल्यावर घरच्यांना वाटते की आता सगळे मार्गी लागले, आणि नेमके तेव्हाच मन खाली बसते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत. दारू सोडून दीड महिना झाला होता, हात स्थिर झाले होते, वजन वाढले होते, आणि त्यांची पत्नी मला सांगत होती, "पीत होते तेव्हा निदान हसत तरी होते की. आता नुसते भिंतीकडे बघत बसतात." दोघांनाही वाटत होते की काहीतरी चुकले आहे. चुकले काहीच नव्हते. दारूने वर्षानुवर्षे मेंदूतील सुखाची यंत्रणा इतक्या जोराने हलवलेली असते की पोराची गंमत, गरम भाकरी, क्रिकेटचा सामना यांसारखे साधे आनंद तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ही यंत्रणा आठवड्यांच्या नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने पूर्वपदावर येते. दरम्यान चिडचिड, कंटाळा आणि विनाकारण रडू येणे हे सारे होते.

झोपेचेही तसेच. दारू झोप लवकर आणते पण रात्रीचा उत्तरार्ध मोडते आणि स्वप्नांची झोप दाबून टाकते. दारू थांबली की ती दाबलेली स्वप्ने पुरासारखी परततात. आपण ग्लास भरला, प्यायलो, अशी हुबेहूब स्वप्ने पडतात आणि माणूस घामाघूम होऊन स्वतःच्याच तोंडाचा वास घेत उठतो. याला मोह किंवा पाप समजू नये. झोप नीट बसायला अनेकांना काही महिने लागतात, काहींना वर्षही. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणणे हा यावरचा सर्वांत वाईट उपाय, कारण त्यांचीही सवय जडते आणि त्यांच्यावर दारू पडली तर श्वास मंदावतो.

उदासी कधी सामान्य आणि कधी आजार? बऱ्याच जणांत ती तीन-चार आठवड्यांत विरळ होऊ लागते. त्यानंतरही ती घट्ट राहिली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे शब्द केव्हाही कानावर आले, तर थांबू नये. दारूच्या आड लपलेले नैराश्य अनेकदा दारू हटल्यावरच दिसते आणि त्यावर स्वतंत्र उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. व्यसनासाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे.

स्मरणशक्ती आणि एकाग्रता पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने आणि नंतर सावकाश सुधारते. त्या गृहस्थांनी याचे माप स्वतःच शोधले होते. मागावरचा उभा धागा तुटला की चिमटीत दोन्ही टोके धरून गाठ मारायची आणि फणीतून ओवून घ्यायची. दारूच्या शेवटच्या वर्षांत हे काम ते शेजारच्या मागावरच्या पोराला सांगत. दुसऱ्या महिन्यात चार-पाच प्रयत्न लागत. पाचव्या महिन्यात एका पाळीत सगळ्या गाठी त्यांनी एकट्याने आणि पहिल्या झटक्यात मारल्या. कोणत्याही चाचणीपेक्षा त्यांना त्या गाठींचा भरवसा वाटला.

तलफ मात्र मधूनमधून येतच राहते. ती लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ जागा बदलणे, पोटभर खाणे, कोणाला तरी फोन करणे एवढेच करायचे असते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांत ती हमखास उचल खाते, तशीच ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळीही: आठवड्याचा पगार हातात पडला की, ढाब्यावर मटण सांगितले की, थंडीत हुरड्याचे आमंत्रण आले की. पहिल्या वर्षी हुरडा घरीच भाजावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तलफ कमी करणारी औषधेही आहेत. नाल्ट्रेक्सोनमुळे पिण्यातली मजा उतरते, अकॅम्प्रोसेट दारूविना राहणे सुसह्य करते, आणि यकृत खराब असलेल्यांना काही वेळा बॅक्लोफेन दिले जाते. कोणते कोणाला, हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून डॉक्टर ठरवतात. ही औषधे घेणे म्हणजे मनाचा दुबळेपणा, हा समज जितक्या लवकर जाईल तितके बरे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात होती. एवढी माणसे केवळ मनाने दुबळी असू शकत नाहीत. त्यांत स्त्रियाही आहेत, ज्यांचे यकृत कमी दारूनेही लवकर बिघडते आणि ज्यांच्यासाठी कोणी मुहूर्त पाहत नाही.

बोलण्यासाठी आपल्यासारखी माणसे लागतात, हे १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) हा मद्यपींचा परस्पर-मदतीचा गट सुरू करणाऱ्या दोन मद्यपींना स्वतःच्या अनुभवातून कळले होते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केल्यापासून मराठी घरांत व्यसन हा आजार आहे ही भाषा रुजत गेली. एए च्या बैठका पिणाऱ्यांसाठी असतात, तर अल-अॅनॉनच्या बैठका त्यांच्या घरच्यांसाठी. या दुसऱ्या बैठकांची गरज कमी लेखली जाते. घरच्या माणसाला उशीर झाला की तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, कपाटामागे बाटली शोधणे ही पत्नीच्या शरीराला जडलेली सवयच असते आणि ती वर्षभराने सुटली तरी लवकर सुटली म्हणायचे. 'मी सोडली तरी हिचा विश्वास नाही' ही तक्रार दुसऱ्या महिन्यात करणाऱ्याने आपल्या एमसीव्हीचा आकडा आठवावा; तोही अजून खाली आलेला नसतो.

घसरण झाली तर

सोडलेल्यांपैकी पुष्कळ जण पहिल्या वर्षात कधीतरी घसरतात. त्यात सर्वांत मोठा धोका मात्रेचा असतो. सहा महिन्यांच्या विश्रांतीत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वी पचणाऱ्या दोन क्वार्टर आता शुद्ध हरपण्यास, श्वास मंदावण्यास आणि उलटी श्वासनलिकेत जाण्यास पुरेशा होतात. तेव्हा अशा रात्री माणसाला खोलीत एकटे कोंडून ठेवू नये. कुशीवर झोपवावे आणि हलवूनही जाग येत नसेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. घसरण एका रात्रीची असेल तर दुसऱ्याच दिवशी त्याच डॉक्टरांकडे किंवा त्याच बैठकीला परत जावे. आठवडाभर पिणे चालले असेल तर पुन्हा एकदम तोडण्यापूर्वी पहिल्या चार दिवसांचे सगळे नियम नव्याने लागू होतात, म्हणून जुनी फाइल, थायामिनचा कागद आणि शेवटचे रक्ताचे अहवाल सोबत न्यावेत, आणि किती प्यायली हा आकडा या वेळीही खराच सांगावा.